एक पॉइंट तीनचा लॉग

काल पत्रकं वाटून परत येताना चांद्याच्या जटपुरा दरवाजाच्या आत करीमचाचांच्या दुकानासमोर थांबले. फळीवर ते आकडेमोडीचं यंत्र होतं. पुन्हा दुरुस्तीला आलं होतं. काळा रंग कडांवरून उडालेला, मुठीचं लाकूड हातांच्या घामाने तुकतुकीत झालेलं. मी न विचारता एक दांडी खाली ओढली आणि मूठ उलटी फिरवली. शून्यांच्या खिडक्यांतून नऊ, नऊ, नऊ असे उभे राहिले आणि पोटातली घंटा टणकन वाजली.

चाचा एका शिवणयंत्राच्या खाली वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "शून्याच्या खाली गेली का ओरडते ते. कोन आहे?"

मी मूठ सरळ फिरवून पुन्हा शून्यं आणली. एका पावसाळ्यात ही घंटा मी रोज ऐकली होती, आणि रोज देवाला, ज्याला मी मानत नाही त्याला, एकच मागत होते की पाऊस थांबवू नकोस.

माझी मोठी बहीण इंदुताई त्या वर्षी वैशाखात अहेरीच्या सासरहून परत आली. का आली ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. कारण ऐकल्याशिवाय ज्यांना बाईवर विश्वास ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी मी लिहीतही नाही. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि पायांना मोहाच्या फुलांचा वास येत होता. वाटेत कुठे तरी मोटार बिघडली होती आणि ती जंगलातून चालत आली होती. तिच्यामागोमाग सासऱ्यांचा निरोप आला. पेरणी तोंडावर आहे, आता येणं होत नाही. पावसाळा जाऊ द्या. वैनगंगा उतरली, आष्टीच्या घाटावर डोंगा सुरू झाला, की येतो न्यायला.

पाऊस लागला की अहेरी आमच्यापासून तुटायची. डोंगा बंद, मोटार बंद, टपाल कधी येईल त्याचा नेम नाही. चांद्यातले लोक उघाडीची वाट पाहायचे, पापड वाळत घालायचे असायचे, भिंती पोपडे टाकत असायच्या. आम्ही दोघी बहिणी मात्र आभाळ फिकट झालं की एकमेकींकडे बघायचो. चार दिवस ऊन पडलं तर नदी किती उतरते?

बाबांनी तो निरोप ऐकून घेतला आणि "बरं" म्हणाले. एवढंच.

घराची पुढची खोली म्हणजे आमचा छापखाना. पायाने चालवायचं एक ट्रेडल, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या केसा, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, शाईचा जाडसर वास, आणि छापून झाल्यावर खिळे धुवायच्या रॉकेलचा त्याहून तिखट वास. आई गेल्यापासून त्या वासातच आम्ही जेवलो, झोपलो. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. गुलाबी, पिवळ्या पातळ कागदांवरची पत्रकं. कोळसा खाणीतल्या मजुरांची, कुळांची, महाकालीच्या जत्रेत दारू नको म्हणणाऱ्यांची, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या सगळ्यांची. 'बंधूंनो, उठा' हे शब्द मला 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी वाचता आले असतील. आणि जे वाचलं ते मी खरं मानलं. कोणी तरी मानायला हवं ना.

त्या वर्षीच बाबांनी एक पत्रक जुळवलं होतं, बाईला नको असलेलं घर सोडायचा हक्क असावा म्हणून. मी ते ओल्या शाईसकट त्यांच्यासमोर धरलं. "हे तुम्हीच छापलं ना?"

"छापलं."

"मग ताईले काऊन धाडता?"

बाबा हातातल्या पट्टीत, स्टिकमध्ये, एकेक खिळा जुळवत राहिले. "याच्या उलटं पत्रकबी मीच छापलं, मागच्या हप्त्यात. कोनाचं मानू सांग."

"जे खरं आहे त्याचं."

"जुळाऱ्याले अक्षर दिसते बाई. खरं-खोटं वाचनाऱ्याचं." मग खिळ्यांकडे बघतच म्हणाले, "तिले एखादी नोकरी लागली तर बघू. नाई तर कोन्या तोंडानं ठेवून घेऊ तिले?"

'बघू.' त्या एका शब्दाला आम्ही सगळा पावसाळा धरून राहिलो.

नोकरीचं निघालं ते लॉगच्या पुस्तिकेवरून. उन्हाळ्यात एका मास्तरांनी शाळेच्या मुलांसाठी लॉगरिदमच्या कोष्टकांची पुस्तिका आमच्याकडे छापायला दिली होती. छापखान्याला असलं काम म्हणजे शिक्षा. अक्षरं चुकली तर वाचणारा समजून घेतो, आकडा चुकला तर कोणाला कळतही नाही. बाबा इंग्रजी आकड्यांचे खिळे चिमटीत धरून एकेक ओळ उभी करायचे. मी मास्तरांची हस्तलिखित वही धरून बसायची आणि ताई प्रूफ मोठ्याने वाचायची. उन्हाची झळ दारातून आत यायची, वाळ्याच्या पडद्यावर मी मधूनमधून पाणी मारायची, आणि ताईचा आवाज एका लयीत चालू असायचा. शून्य चार एक चार. शून्य सात नऊ दोन. एक एक तीन नऊ. एक चार सहा एक. जात्यावर बसल्यासारखी ती डोलायची. पुस्तिका संपेपर्यंत तिला अर्धीअधिक पाठ झाली होती. कशासाठी, असं मी विचारलं नाही. ज्या घरातून ती आली होती तिथे आकडे नव्हते, आणि आकडे तिला काही विचारत नव्हते.

पुस्तिका शाळांत गेली, आणि आषाढाच्या सुरुवातीला करीमचाचांचं बोलावणं आलं.

जंगल खात्याच्या एका कचेरीने हिशेबासाठी हे यंत्र आणलं होतं आणि तळावर नेताना ते छकड्यातून पडलं. चांद्यात घड्याळं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करणारे करीमचाचा. ते त्यांच्याकडे आलं. चाचांनी ते सगळं उघडलं, वाकलेले दात कानशीने सरळ केले, तेल घातलं, बंद केलं. आता अडचण निराळीच होती.

"फिरून तर राह्यली," ते ताईला म्हणाले, "पन बरोबर फिरून राह्यली का, हे मेरे को कैसे मालूम होगा बेटी? दात मोजता येते मले. हिशेब नाई येत. तू बापाची ती आकड्यांची किताब वाचली म्हनते. जरा बघ."

तर अशी ताई त्या यंत्रासमोर बसली. दांड्या ओढून आकडा लावायचा, मूठ फिरवायची, खालची गाडी एकेक घर सरकवायची. खर्र खर्र, टक. खर्र, टक. बाहेर दरवाजाच्या कमानीतून पावसाचं पाणी ओघळायचं, टांग्याची घोडी ओल्या अंगाने उभी असायची, आणि दुकानात तेलाचा गोडसर वास आणि तो आवाज.

गुणाकार तिने दोन दिवसांत तपासून टाकले. मग तिला मास्तरांची प्रस्तावना आठवली. प्रस्तावना कोणी वाचत नाही, पण प्रूफ वाचणाऱ्याला वाचावी लागते. त्यांनी लिहिलं होतं की चिकाटी असेल तर कोणत्याही आकड्याचा लॉग कोष्टकाशिवाय काढता येतो. तो आकडा दहा वेळा मांडून सगळे गुणायचे, म्हणजे त्याचा दहावा घात. उत्तर दहाच्या आत आणायला दशांशचिन्ह जितकी घरं मागे न्यावं लागेल, तो लॉगचा पहिला आकडा. जे उरेल त्याचा पुन्हा दहावा घात. पुन्हा घरं मोजायची. तो दुसरा आकडा. असंच पुढे.

तिने दोन घेतले. दहावा घात एक हजार चोवीस. चिन्ह तीन घरं मागे. पुन्हा मूठ. या वेळी चिन्ह हललंच नाही. पुन्हा मूठ. एक घर. पुन्हा. नाही हललं.

"तीन शून्य एक शून्य," ताई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता, देवळात बोलल्यासारखा. "पुस्तिकेत आहे तोच आकडा आला. आतून निघाला गं."

वैशाखानंतर ताईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाचांनी हात पुसत विचारलं, "म्हनजे पास हो गयी?"

"पास," ताई म्हणाली.

यंत्र कचेरीत परत न्यायला शिपाई पावसामुळे येत नव्हता, आणि चाचाही त्याला निरोप पाठवत नव्हते. ताई रोज दुपारी जायची, मीही तिच्यामागे. शिपाई आला तो बातमी घेऊनच. कचेरीत गणकाची जागा निघाली होती. सागाचं जंगल साठ वर्षांनी किती वाढलेलं असेल याचा हिशेब करायचा होता, त्याला पुस्तिकेतले चार आकडे पुरत नव्हते. यंत्रावर लॉग काढू शकेल असा माणूस हवा होता. "माणूस," असं शिपाई म्हणाला. ताईने अर्ज केला.

परीक्षेच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. भाद्रपद सरत आला होता, आभाळ धुतल्यासारखं निळं. मला ते ऊन विषासारखं वाटलं. बाजारात कोणी तरी म्हणत होतं की मूल गावाकडच्या मोटारी सुटल्या.

बाबा आले नाहीत. ताईबरोबर मी गेले. कचेरी म्हणजे सागाच्या तुळयांचा एक जुना बंगला होता; ओल्या कागदांचा आणि वाळवीच्या औषधाचा वास. मला व्हरांड्यात खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. आत टेबलावर यंत्र, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला बडे बाबू, आणि बडे बाबूंच्या हातात आमची पुस्तिका. पिवळं मुखपृष्ठ मी लांबूनच ओळखलं. ताईच्या आधी तिघं पुरुष होऊन गेले होते. ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पान खात उभे होते आणि ही बाई काय करते ते बघायला थांबले होते.

साहेबांनी तीन आकडे दिले. पहिल्या दोहोंचे लॉग बडे बाबूंनी पुस्तिकेतून पाहिले आणि मान हलवली. तिसरा होता एक पॉइंट तीन. खर्र खर्र, टक. ताईने उत्तर लिहिलं. एक एक तीन नऊ चार.

बडे बाबूंनी पान उलटलं. बोट खाली आणलं. मग कागद साहेबांकडे सरकवला.

"चुकलं. पुस्तकात एक एक तीन सहा आहे."

ताईने पुन्हा एकदा खिडक्यांतले आकडे पाहिले.

"आधीच्या तिघांचं सहाच आलं," बडे बाबू म्हणाले. "तुमचंच नऊ काऊन?"

त्या तिघांचं सहा कसं आलं ते मला बाकावर बसल्या बसल्या कळलं. तिघांच्याही खिशात ती पुस्तिका होती, उत्तर त्यांनी तिच्यातूनच उतरवलं होतं. मी उठून उभी राहिले. तोंड उघडणार तोच ताईने खिडकीकडे पाहिलं. असं पाहिलं की मी खाली बसले.

"पाहू," म्हणत ताईने पुस्तिका मागितली. पान डोळ्यांजवळ नेलं. मला तिचा अंगठा दिसत होता. तो त्या एका आकड्यावरून फिरत होता, जणू छापलेल्या कागदाला खाच असावी. मी उन्हाळाभर तिच्या तोंडून ऐकलेलं आठवत होते. एक एक तीन नऊ. प्रूफ बरोबर होतं. चूक प्रूफनंतर झाली होती. फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, चौकटीत आवळताना कधी कधी एखादा खिळा उसळून बाहेर येतो, आणि घाईत जागेवर दाबताना तो उलटा बसला, तर इंग्रजी नऊचा सहा होतो. फर्मा आमच्याकडे एकच माणूस आवळायचा.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "हे यंत्र नुकतंच दुरुस्त होऊन आलंय. त्याचाच दोष असू शकतो. बाई, तुमची पहिली दोन उत्तरं बरोबर आहेत. हा आकडा आपण सोडून देऊ, तुम्हाला दुसरा देतो."

"तेच म्हनतो मी," बडे बाबू म्हणाले. "त्या घडीवाल्यानं कानस चालवली असन. पुढची दुरुस्ती नागपूरलेच धाडू, साहेब."

दुसरा आकडा. ताईने फक्त मान हलवायची होती. मूठ फिरवायची, उत्तर लिहायचं, घरी यायचं. नोकरी तिची होती. खालच्या रस्त्याने एक मोटार गेली, तिच्या चाकांना चिखल नव्हता, आणि मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ताई म्हणाली, "मशीन बरोबर आहे साहेब. पुस्तक चुकलं."

"छापलेलं पुस्तक?" बडे बाबू हसले. "कोन्या छापखान्याचं आहे पाहा बरं."

"पाहाची गरज नाई. माझ्या बाबाचं आहे. खिळा उलटा बसला."

पान खाणारे तिघे खिडकीजवळ सरकले. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "फिरवा. माझ्यासमोर."

तिने एक पॉइंट तीन लावले. पहिली फेरी, चिन्ह एक घर. दुसरी, पुन्हा एक घर. तिसरी, तीन. प्रत्येक फेरीला कितीतरी गुणाकार होते. ताईच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिने तो पुसला नाही. चौथी फेरी संपली तेव्हा खिडक्यांत आकड्यांची लांब रांग उभी होती. साहेब पेन्सिलीच्या टोकाने घरं मोजू लागले. चार, पाच, सहा. इथे पेन्सिल थांबली असती तर पुस्तक खरं ठरलं असतं. पेन्सिल पुढे गेली. सात. आठ. नऊ.

साहेबांनी पुन्हा एकदा, मागून पुढे, मोजलं. मग बडे बाबूंना म्हणाले, "शाळांना कळवावं लागेल." आणि ताईला म्हणाले, "सोमवारपासून या."

दुकानात काल मी हेच घात पुन्हा करून पाहत होते. दुसऱ्या फेरीतच माझी गाडी अडकली. ताईच्या हातात ती कशी सरकायची. चाचांनी येऊन माझ्या हातावरून मूठ काढून घेतली, "जोर नको लावू, तिले ऐक," म्हणाले, आणि कान यंत्राला लावून स्वतः फिरवू लागले. त्या दिवशी दोष द्यायला त्यांचं नाव त्या टेबलावर कसं आलं होतं, आणि ताईने ते कसं उचलून घेतलं, हे त्यांना आजही माहीत नाही.

त्या दिवशी कचेरीतून घरी येताना आम्ही दोघींनी लांबची वाट धरली. जागा मिळाली होती आणि घर जवळ यायला नको होतं. बाबा ट्रेडलवर होते. ताईने चप्पल काढली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"बाबा, लॉगच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर एक खिळा उलटा बसला. मी कचेरीत सांगतलं. छापखाना आपला आहे हेबी सांगतलं."

ट्रेडल थांबलं. "कोनता?"

"एक पॉइंट तीनचा नऊ."

बाबा केसेपाशी गेले. नऊच्या खणातले खिळे ओंजळीत घेतले आणि एकेक अंगठ्याने चाचपू लागले. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते; तिच्यावरून जुळारी न बघता ओळखतो, वर कुठलं आणि खाली कुठलं. त्यांनी एक खिळा बाजूला ठेवला, मग दुसरा.

"खाच घासली," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. जागा मिळाली का, हे त्यांनी विचारलं नाही. ताईनेही सांगितलं नाही; मीच ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही ते त्यांच्या पाठीवरून समजत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पुस्तकांच्या दुकानातला माणूस पुस्तिकांचा गठ्ठा पायरीवर टाकून गेला. लग्नपत्रिकेला आलेले एक जण, दुसरीकडे विचारतो म्हणून गेले ते गेलेच. ताई सकाळी कचेरीत जायची, संध्याकाळी यायची, बाबांच्या ताटाशी भाकर ठेवायची. ते जेवायचे. बोलायचे नाहीत. मी रागाने पेटले होते. पत्रकांतली सगळी वाक्यं मी मनातल्या मनात त्या पाठीवर फेकत होते. छापखान्यात त्यांनी काही तरी जुळवलं, छापलं, वाळत घातलं. प्रूफ वाचायला आम्हा दोघींपैकी कोणालाच बोलावलं नाही. ऊन रोज कडक होत होतं. ओढ्याकाठचं कास गवत पांढरंशुभ्र झालं होतं. आष्टीचा डोंगा सुरू झाला ही बातमी आम्हाला चार ठिकाणांहून कळली.

दसऱ्याच्या आधी ताईचे सासरे आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, हातात ताईसाठी लुगड्याची घडी. बाबांनी बाकावरचे कागद बाजूला केले. "बसा इवाई." मी पाणी दिलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, कचेरीतून नुकतीच आलेली, बोटांना शाई.

"पानी उतरलं," सासरे म्हणाले. "मनलं, सनाच्या आधी सुनेले घेऊन जाव."

बाबांनी वाळत घातलेल्या चिठ्ठ्यांतली एक काढली आणि त्यांच्या हातात दिली. पत्रकाच्या चौथाई आकाराची, पांढऱ्या कागदावर. सासऱ्यांना मोठ्याने वाचायची सवय होती, एकेक शब्द तोडून. ते वाचू लागले आणि ती चिठ्ठी मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

"शुद्धिपत्र. लॉगरिदमची कोष्टके. पान पहिले. एक पॉइंट तीनसमोर एक एक तीन सहाच्या जागी एक एक तीन नऊ असे वाचावे. चूक मुद्रकाची. दुरुस्ती, इंदू सीताराम मोहितकर, गणक, चांदा."

ते थांबले. सीताराम माझ्या बाबांचं नाव. मोहितकर आमचं आडनाव.

"हे आपल्या इंदूचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग नाव बापाचं काऊन? आमचं कुठी गेलं? हे चुकलं इवाई."

बाबांनी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं, ताईकडे. मग व्याह्यांकडे.

"शुद्धिपत्र आहे ते," बाबा म्हणाले. "याच्यात चूक ठेवून कसं चालन?"

सासऱ्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती.